मोठ्याने नको, सावकाश बोला

आम्ही तारखात्यातले जुने नोकर. १९७१ साली खात्यात लागलो, २००९ साली निवृत्त झालो. वडील गिरणीत बदली कामगार होते. घरातली पहिली सरकारी नोकरी आमची. तारेची कडकट्ट कानाने ऐकायची आणि हाताने कागदावर अक्षरे उतरवायची, हे आमचे काम. पुढे टेलिप्रिंटर आले, संगणक आले, तरी सुरुवातीची ती वर्षे आमच्या कानांनी आम्हाला पोसले. मुलांची शिक्षणे झाली, मुलीचे लग्न झाले, कल्याणला एक खोली-किचन झाले, ते याच कानांच्या जोरावर.

त्या काळी चाळीत तार आली की आधी रडारड सुरू व्हायची आणि मग तार वाचली जायची. दहा-बारा शब्दांत कुणाचे मरण, कुणाचा जन्म, कुणाची नोकरी. जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवाच बंद झाली. त्या दिवशी आम्ही घरी बसून होतो. बातमी टीव्हीवर चालली होती, पण आम्हाला ती नीट ऐकू आली नाही. तोवर आमचे कानही बंद होत आले होते.

म्हातारपणाचा बहिरेपणा एकदम येत नाही. आधी घड्याळाची टिकटिक जाते. मग पाखरे जातात. मग शब्दांतली 'स', 'श', 'त', 'क' अशी बारीक अक्षरे जातात. समोरचा 'साखर' म्हणतो, आम्हाला 'आऽअर' ऐकू येते. आवाज येतो, अर्थ येत नाही. मग माणूस मान हलवायला शिकतो. मुलाने विचारले, "बाबा, गॅस बंद केला का?" आम्ही म्हणालो, "हो." गॅस चालूच होता. दूध उतू जाऊन विझला होता. त्या दिवशी खिडकी उघडी होती म्हणून निभावले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तीन वर्षांमागे पावसाळ्यात मुलांची आई बाथरूममध्ये घसरून पडली. मनगट मोडले. उठता येईना. ती आम्हाला हाका मारत होती. आम्ही भिंतीच्या अलीकडे पेपर वाचत बसलो होतो. वीस-पंचवीस मिनिटे. शेवटी शेजारच्या वहिनींनी ऐकले आणि त्या धावत आल्या. त्यांच्या मागोमाग आम्ही आत गेलो, तेव्हा ती ओल्या फरशीवर बसून होती. आमच्याकडे पाहून म्हणाली, "अहो, तुम्हाला किती बोलावलं." एवढेच. रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर घरात सगळे आमच्याशी ओरडून बोलू लागले. मुलगा ओरडे, सून ओरडे, फोनवरून मुलगी ओरडे. शेजाऱ्यांना वाटे रोज भांडण चालले आहे. ओरडले तर 'आ' आणि 'ओ' मोठे होतात, बारीक अक्षरे आहेत तिथेच राहतात. म्हणून आम्हाला ओरडलेलेही कळत नसे. फक्त चेहऱ्यावरचा त्रास दिसे. कानाचे मशीन आणले होते. ते लावले की पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचे हॉर्न सगळेच मोठे होई. दोन महिन्यांत ते ड्रॉवरमध्ये गेले. आम्ही गप्प झालो. कुणी काही सांगेना, आम्ही काही विचारेना.

आमची नात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. तिला हॅम रेडिओचे वेड लागले आहे. हॅम म्हणजे हौशी बिनतारीवाले. स्वतःच्या हाताने यंत्र जोडून दूरच्या माणसाशी बोलायचे, पैसे कमवायचे नाहीत, नुसती विद्या कमवायची, असा हा छंद. आपल्याकडे त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. नात त्या परीक्षेचा अभ्यास करत होती. एका रविवारी ती आली आणि आमच्या मांडीवर हात ठेवून, तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "आबा, तुम्हाला एक गंमत दाखवते. ऐकायची नाही. बघायची."

तिने जे सांगितले ते आम्हाला जसे समजले तसे सांगतो.

नागपूरहून आकाशवाणीचे राष्ट्रीय प्रसारण १९८८ साली सुरू झाले, ते आमच्या वयाच्या लोकांना आठवत असेल. मध्यम लहरींवर, १५६६ किलोहर्ट्झ. रात्रभर चालायचे. त्या यंत्राची ताकद होती एक हजार किलोवॅट, म्हणजे दहा लाख वॅट. देशभर आवाज पोचवायचा तर एवढी ताकद लागते, असे आम्ही धरून चाललो होतो. आता याच मध्यम लहरींच्या खालच्या टोकाला, ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ एवढी एक चिंचोळी पट्टी आहे. २०१२ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने ती हौशी लोकांसाठी ठेवली. त्याच्याही खाली १३६ किलोहर्ट्झच्या आसपास आणखी एक पट्टी आहे, ती २००७ सालच्या परिषदेने दिली. या खालच्या पट्टीत बाहेर फेकायची ताकद जास्तीत जास्त एक वॅट. वरच्या पट्टीतही साधारणपणे एकच वॅट, काही देशांत फार तर पाच. एक वॅट म्हणजे दोन सेलच्या बॅटरीच्या जुन्या बल्बइतकी. प्रत्येक देशाचे नियम वेगळे. अमेरिकेत तर १६० ते १९० किलोहर्ट्झमध्ये परवान्याशिवाय एक वॅटचे यंत्र चालवता येते, मात्र तार जमिनीच्या जोडणीसकट पंधरा मीटरपेक्षा लांब नको. इंग्लंडमध्ये १९९६ ते २००३ या काळात ७३ किलोहर्ट्झवरही हौशी लोकांनी प्रयोग केले.

आम्ही विचारले, "एवढ्या खाली कशाला जायचं?"

ती म्हणाली, "अवघड आहे म्हणून."

आणि खरेच अवघड आहे. १३६ किलोहर्ट्झची एक लाट दोन किलोमीटरहून लांब असते, सुमारे बावीसशे मीटर. तिच्यासाठी धड अँटेना उभारायची तर पाव लाटेएवढी, साडेपाचशे मीटर उंच पाहिजे. घरामागच्या अंगणात माणूस दहा-पंधरा मीटरची तार बांधतो. तिच्यात शेकडो वॅट ओतले तर बहुतेक सगळे तारेच्या वेटोळ्यात आणि जमिनीत उष्णता होऊन जिरतात. एक वॅट बाहेर पडला तरी नशीब. वर आकाशात विजांचा कडकडाट, घराघरात चार्जरची आणि एलईडी दिव्यांची खरखर. या सगळ्या गोंगाटात तो एक वॅट म्हणजे जत्रेत हरवलेल्या पोराची हाक.

मग ती हाक पोचते कशी? इथे आमचे डोके चालेना. नातीने आजीच्या हंड्याचे उदाहरण दिले. नळाला करंगळीएवढी धार असली तर आपण काय करतो? नळाला शिव्या देत नाही. हंडा लावून ठेवतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. तासाभराने हंडा भरलेला असतो. धार बारीक, पण वेळ जास्त. रेडिओचेही तसेच. ताकद कमी असेल तर वेळ वाढवायचा.

आम्ही तारखात्यात मिनिटाला वीस शब्दांच्या गतीने मोर्स पाठवायचो. त्या गतीला एक डॉट, म्हणजे आखूड खूण, ०.०६ सेकंदाची असते. हे हौशी लोक एक डॉट तीन सेकंद दाबून धरतात. डॅश, म्हणजे लांब खूण, नऊ सेकंद. पन्नास पट सावकाश. आणि ढोबळ हिशेबाने पन्नासावा हिस्सा ताकदीत काम भागते. काही जण तर एक डॉट दहा सेकंद, तीस सेकंद, साठ सेकंदही धरतात. एवढे सावकाश मोर्स कानाने कुणालाच वाचता येत नाही. म्हणून संगणक ते पडद्यावर काढून दाखवतो. गोंगाट पडद्यावर भुरभुर ठिपक्यांसारखा पसरतो, कारण तो कुठेच टिकून राहत नाही. पण एकाच सुरावर टिकून राहिलेली हाक, कितीही बारीक असली तरी, हळूहळू एक रेघ उमटवते.

"म्हणजे बहिऱ्यालाही वाचता येतं," आम्ही म्हणालो.

"म्हणून तर आणलं," ती म्हणाली.

परवाना नसताना रेडिओवर पाठवणे गुन्हा आहे. म्हणून तिने घरातल्या घरात नुसत्या आवाजावर प्रयोग मांडला. तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा लाकडी फळीवर ठोकून तिने मोर्सची की बनवली. तिला दोन सेल आणि बाजारात मिळणारा एक छोटा बझर जोडला. बझर स्टीलच्या डब्यात घातला, डब्याला झाकण लावले आणि वर आजीची गोधडी गुंडाळली. डबा किचनमध्ये, लॅपटॉप बाहेरच्या खोलीत. पंखा पाचवर. टीव्ही चालू. मग तिने आजीला विचारले, "आजी, काही ऐकू येतंय?" आजीने नाही म्हटले. सून म्हणाली, मलाही नाही. पहिल्यांदाच घरात सगळे आमच्या पंगतीला आले.

नात आत गेली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून की दाबू लागली. आम्ही पडद्यासमोर बसलो. आधी नुसते हिरवे ठिपके. मग ठिपक्यांच्या मधोमध एक बारीक आखूड रेघ. थोडी जागा. मग लांब रेघ. आमचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. आखूड, लांब: 'ए'. मग लांब, आखूड, आखूड, आखूड: 'बी'. मग पुन्हा आखूड, लांब: 'ए'. ए-बी-ए. आबा.

तारखात्याच्या गतीला हा शब्द दीड सेकंदात जातो. इथे तो यायला सव्वा मिनिट लागले. सव्वा मिनिट आमच्या घरात कुणी बोलले नाही. मुलांची आई आमच्या मागे उभी राहून बघत होती. तिला मोर्स येत नाही, पण आमच्या हातून कागदावर उतरलेली तीन अक्षरे तिने वाचली आणि पदर डोळ्याला लावला. आमचेही डोळे भरले होते, खोटे कशाला सांगावे.

पुढे थंडीत नातीने खरा रेडिओ दाखवला. नेदरलँडमधल्या ट्वेंटे विद्यापीठात एक रिसीव्हर आहे. तो इंटरनेटवरून लांबच्या माणसालाही लावता येतो. आपल्याकडे रात्रीचा एक वाजतो तेव्हा हिवाळ्यात तिकडे संध्याकाळचे साडेआठ असतात. अंधार पडला की या लाटा जास्त दूर जातात. आम्ही दोघे स्वेटर घालून बसलो. तिने तो रिसीव्हर १३७ किलोहर्ट्झच्या वरच्या बाजूला लावला. बराच वेळ काही नाही. वीज कुठेतरी चमकली की पडद्यावर आडवा पांढरा पट्टा. आम्हाला डुलकी लागली होती. तिने कोपराने हलवले. लांब, लांब, आखूड. 'जी'. जी म्हणजे इंग्लंडचे स्टेशन. पुढची अक्षरे यायला बराच वेळ लागला, ती तिने आमच्याकडून वाचून घेतली. इंग्लंडमधल्या कुठल्यातरी घरात बसलेला एक अनोळखी माणूस, त्याची समुद्रापलीकडे पोचलेली बॅटरीच्या बल्बाएवढी हाक, आणि ती कल्याणच्या एका बहिऱ्या तारवाल्याने वाचली. पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखे वाटले.

नात म्हणाली, आता यातही नवे प्रकार आले आहेत. जो टेलर नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ आहेत, १९९३ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. ते स्वतः हॅम आहेत. त्यांनी २००८ साली एक पद्धत काढली. त्यात पाठवणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि ताकद एवढाच छोटा निरोप जवळजवळ दोन मिनिटे घेऊन जातो आणि संगणक तो गोंगाटातून स्वतःच वेचून काढतो. एवढा मोठा माणूस, आणि त्याने डोके कशासाठी लावले? सर्वांत क्षीण आवाज ऐकण्यासाठी. आम्हाला हे फार आवडले.

त्या रात्री झोप लागली नाही. पडल्या पडल्या एकच गोष्ट मनात घोळत होती. आमच्या घरातले लोक आमच्यासाठी ताकद वाढवत होते. वेळ कुणीच वाढवला नव्हता. आणि आम्ही तरी कुठे वाढवला होता? एक वाक्य चुकले की मान हलवून मोकळे व्हायचो. त्या पडद्यासमोर आम्ही एका अक्षरासाठी मिनिट-मिनिट वाट पाहिली. बायकोच्या एका वाक्यासाठी कधी पाहिली होती?

सकाळी चहाला सगळे असताना आम्ही बोललो. म्हणालो, "आमच्याशी ओरडू नका. समोर या, तोंड दिसू द्या, टीव्ही बंद करा आणि सावकाश बोला. आणि आम्ही नुसती मान हलवली तर सोडू नका, काय ऐकलं ते आमच्याकडून वदवून घ्या." मुलगा थोडा वेळ बशीकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "बाबा, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?" प्रत्येक शब्द ऐकू आला. उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते. बहिरा म्हणवून घ्यायची लाज वाटत होती, हेच खरे.

मशीन ड्रॉवरमधून बाहेर काढले. कानाच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन ते नीट लावून घेतले. त्यांनीही तेच सांगितले, की मशीनची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो, दोन-चार दिवसांत कंटाळून चालत नाही. आता विहारात जाताना लावतो, पाहुणे आले की लावतो. सगळे ऐकू येते असे नाही. पण हाताने खूण करून "पुन्हा सांगा" म्हणायला आता लाजत नाही.

आणखी एक काम नातीने केले. बाथरूममध्ये, फरशीपासून वीतभर उंचीवर, तिने एक बटण बसवले. उंचावर बसवले तर पडलेल्या माणसाचा हात पोचत नाही, हे आम्ही सगळ्यांनी शिकलो होतो. बटणाची तार बाहेरच्या खोलीत, आमच्या खुर्चीसमोरच्या छोट्या लाल दिव्याला जोडली. सगळे सेलवर चालते, पाण्याजवळ घरची वीज नको. दुसरे बटण तिच्या पलंगाजवळ, त्याचा दिवा आमच्या उशाशी. खर्च दोनशे रुपयांच्या आत. ज्या घरात म्हातारी माणसे आहेत त्या घरातल्या मुलामुलींनी हे जरूर करावे. एका रविवारचे काम आहे. आणि बाथरूमला आतून कडी लावू नये, हेही सांगून ठेवतो.

मुलांची आई म्हणाली, नुसता दिवा लावून काय कळणार, बोलावतेय की मरतेय? म्हणून खुणा ठरवल्या. एकदा लांब दाबले तर सवडीने या. तीनदा आखूड, तीनदा लांब, तीनदा आखूड म्हणजे असाल तसे धावत या. हीच ती एसओएस. जुन्या काळी बोटी बुडताना हीच खूण ५०० किलोहर्ट्झवर पाठवत, हौशी लोकांच्या आजच्या पट्टीच्या अगदी शेजारी. आम्ही तिला हे सांगितले तर म्हणाली, "मी काय बोट आहे होय?" पण पाठ केली. भाजी निवडताना बोटाने ताटावर वाजवून पाठ केली.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्री दोन-अडीचला जाग आली तर उशाशी लाल दिवा लुकलुकत होता. छातीत धस्स झाले. पण ती एसओएस नव्हती. आखूड, लांब. थांबली. चार आखूड. थांबली. तीन लांब. सगळे अगदी सावकाश, एकेक खूण मोजून. आम्ही अंधारातच अक्षरे जुळवली. ए, एच, ओ.

अहो.

नातीकडून तिने आमच्या नकळत शिकून घेतले होते. आम्ही उठून पलंगापाशी गेलो, दिवा लावला आणि तिच्या तोंडासमोर बसलो. विचारले, "काय गं, काय झालं?"

ती सावकाश म्हणाली, "काही नाही. येताय का ते बघितलं."

जयभीम.